भेटणार कोण? धार-देवासच्या भटकंतीबद्दलचे पाच गैरसमज

प्रागच्या किंवा लिस्बनच्या हॉस्टेलात आठ खाटांच्या खोलीत अनोळखी माणसांशी कशी गट्टी जमली, याचे किस्से हल्ली पुण्या-मुंबईच्या घरांत हमखास ऐकायला मिळतात. तीच मंडळी इंदूरला लग्नाला आली, की सराफ्यात खाऊन परत फिरतात. इंदूरहून धार साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून मांडू पस्तीसेक आणि दुसऱ्या अंगाला देवास चाळिसाच्या आत. तरी प्रश्न येतोच, ‘तिथं एकट्यानं जाऊन करायचं काय? भेटणार कोण?’ या प्रश्नामागं काही पक्के समज आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज 1: पाठीला सॅक लावून परमुलखात हिंडणं ही साहेबाची देणगी.

वस्तुस्थिती: पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडं निघाले, ते माळव्यातूनच. जवळ पैसा बेताचा. दक्षिणा मिळेल तिथं थांबायचं, आश्रय मिळेल तिथं पाठ टेकायची, असा हिशेब. पुढच्या बंडाची कुणकुण त्यांना महूच्या आसपास भेटलेल्या शिपायांकडून लागली. वाटेवर भेटणारी माणसं हीच त्या प्रवासाची बातमीपत्रं होती. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक 1907 साली छापून आलं. आज आपण ते झांशीच्या वेढ्यासाठी वाचतो. पण कमी खर्चात, ओळखीपाळखीवर लांब पल्ला कसा गाठायचा याचाही तो धडा आहे.

गैरसमज 2: मुघल काळात इकडं आलेले युरोपीय सगळे लवाजम्यानिशी आलेले.

वस्तुस्थिती: 1617 साली बादशहा जहांगीर काही महिने मांडूला मुक्कामाला होता आणि इंग्लंडचा वकील सर टॉमस रो त्याच्याबरोबर होता. त्या उजाड होत चाललेल्या गडावर रोला धड जागा मिळेना, पाण्याची मारामार, रात्री जनावरं आवारात शिरत. याच मुक्कामात त्याच्या आश्रयाला एक इंग्रज होता, टॉमस कोरिएट. ना व्यापारी, ना वकील. 1608 साली हा गडी युरोप पालथा घालत व्हेनिसला गेला, परतीची बरीच वाट पायी तुडवली आणि 1611 साली त्यावर जाडजूड पुस्तक छापलं. पुढं तुर्कस्तान, जेरुसलेम करत अलेप्पोहून तो चालत अजमेरला पोहोचला. या दहा महिन्यांच्या वाटचालीत आपले अवघे तीन पौंड खर्च झाले, असं त्यानं घरच्या पत्रात अभिमानानं कळवलं आहे. अजमेरला त्यानं जहांगिरापुढं फारसीत भाषण ठोकलं आणि शंभर रुपये मिळवले. वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी त्याचा खोलीतला, कधी तंबूतला सोबती. कोरिएटची बरीचशी हकीगत आपल्याला कळते ती या सोबत्यानं लिहून ठेवली म्हणून. नोव्हेंबरात कोरिएट मांडूहून सुरतेला निघाला आणि डिसेंबरात तिथंच वारला. व्हेनिस आणि मांडू एकाच माणसाच्या पायाखालून गेल्याचं हे चारशे वर्षांपूर्वीचं उदाहरण.

गैरसमज 3: हॉस्टेल नाही, म्हणजे सहप्रवासी नाहीत.

वस्तुस्थिती: कायमस्वरूपी चालणारं पहिलं युथ हॉस्टेल 1912 साली जर्मनीत आल्टेनाच्या किल्ल्यात निघालं, रिचर्ड शिरमान या शिक्षकानं ते काढलं. एका छताखाली स्वस्तात झोपायची सोय आणि बसायला सामाईक जागा, एवढीच त्यामागची कल्पना. मांडूत ही सोय धर्मशाळा करतात. जामा मशिदीच्या चौकालगत राममंदिराची धर्मशाळा आहे, जैन मंदिराचीही आहे. आधार कार्ड जवळ ठेवायचं, तिथले नियम पाळायचे आणि जैन धर्मशाळेत जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं.

इथं भेटणारे मुख्य सहप्रवासी म्हणजे नर्मदेचे परिक्रमावासी. धार जिल्हा नर्मदेच्या उत्तर तटावर येतो आणि मांडूचं रेवाकुंड परिक्रमेच्या वाटेवरचं मानाचं ठिकाण आहे. अंगावर पांढरी वस्त्रं, हातात काठी, कमंडलू आणि पाठीला, हो, सॅकच. आश्रमाच्या दारात पहिला प्रश्न येतो, ‘कितनी मूर्ती?’ म्हणजे माणसं किती. तेवढ्यांचं सदावर्त, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा, मोजून मिळतो. मग चूल पेटते, कुणी कणीक मळतो, कुणी सरपण आणतो. त्यात महाराष्ट्रातली माणसं पुष्कळ असतात. निवृत्त शिक्षक, बँकेतून सुटलेले, एकट्यानं निघालेल्या बायकाही. बोलणं सुरू करायला ‘नर्मदे हर’ पुरतं. काल कुठं होतात, उद्या कुठं आसन लावणार, पायाला फोड आले का, ही चौकशी प्रागच्या हॉस्टेलातल्या चौकशीहून वेगळी नाही. फक्त परिक्रमावासी सदावर्तावर जगतो आणि आपण पर्यटक; तेव्हा त्यांच्या वाटचा शिधा आपण घ्यायचा नाही. जमलं तर उलट द्यायचा.

गैरसमज 4: मांडू म्हणजे रूपमती-बाजबहादूर, अर्ध्या दिवसात उरकतं.

वस्तुस्थिती: ज्याला बाजबहादूरचा महाल म्हणतात तो त्यानं बांधलेलाच नाही. शिलालेखाप्रमाणं तो 1508-09 सालचा, नासिरुद्दीन खलजीच्या काळातला. बाजबहादूर माळव्याच्या गादीवर आला तो त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी, आणि 1561 साली अधमखानाच्या स्वारीत त्याचं राज्य गेलं. रूपमती मंडपही मुळात फौजेची टेहळणीची चौकी. वरच्या छत्र्या मागाहून चढल्या. प्रेमकथा खोटी ठरवायचं कारण नाही, पण तिच्या मागं धावताना बाकीचं हातचं निसटतं.

उदाहरणार्थ होशंगशहाच्या संगमरवरी कबरीचं दार. चौकटीवर 1659 सालचा एक लेख आहे. शाहजहानच्या पदरचे चौघे कारागीर ही इमारत पाहायला आले आणि नावं कोरून गेले. ताजमहालाचे मुख्य स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमदांचा मुलगा लुत्फुल्ला, उस्ताद हमीद, ख्वाजा जादोराय आणि उस्ताद शिवराम. एकाच धंद्यातले चार सोबती, आडवाटेला वळून जुन्यांचं काम बघायला आलेले. हा लेख वाचायला गाईडची घाई चालत नाही. जहाज महालही मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा आहे; त्याचं नाव सार्थ वाटतं ते दोन्हीकडं पाणी असतं तेव्हा, म्हणजे श्रावण-भाद्रपदात. वाटेवर विकायला ठेवलेली भोपळ्याएवढी फळं ही गोरखचिंचेची, इथं ‘खुरासानी इमली’. आतला आंबट गर चोखत झाडाखाली बसलं, की शेजारी कुणी ना कुणी येऊन बसतंच.

गैरसमज 5: धार-देवासात मराठी माणूस परका, आणि देवास म्हणजे नुसती टेकडी.

वस्तुस्थिती: अठराव्या शतकापासून दोन्ही ठिकाणी पवारांचं राज्य होतं. रघुनाथरावांवर बारभाईंचं संकट आलं तेव्हा आनंदीबाईंनी धारचा आसरा घेतला आणि दुसरे बाजीराव 10 जानेवारी 1775 रोजी धारच्या किल्ल्यात जन्मले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे शिल्पकार र. कृ. फडके धारला येऊन स्थायिक झाले. फडके स्टुडिओ विचारा, कुणीही वाट दाखवील.

देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं नांदली, दोन राजवाडे, दोन दरबार. 1921 साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर इथं काही महिने राहिला. दरबारातला गोकुळअष्टमीचा सोहळा त्यानं इथंच पाहिला आणि तो ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या शेवटच्या भागात उतरला. 1948 साली कुमार गंधर्व आले ते क्षयाच्या दुखण्यावर कोरडी हवा मानवेल म्हणून. गाणं बंद असलेल्या त्या वर्षांत त्यांनी माळव्याची लोकगीतं कानात साठवली आणि 1992 साली निधन होईपर्यंत देवास सोडलं नाही. या भागात कबीराची भजनं गाणाऱ्या मंडळ्या आजही गावोगाव आहेत. जाजमावर जागा मागितली तर नकार मिळत नाही.

कोरिएट, फॉर्स्टर, कुमार गंधर्व या सगळ्यांना माणसं भेटली ती ते मुक्काम करून राहिले म्हणून. सकाळी इंदूरहून गाडी करून रात्री परतणाऱ्याला ड्रायव्हरशिवाय कुणी भेटत नाही. तेव्हा बसनं जा. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ दोनेक दशकांपूर्वीच बंद पडलं, त्यामुळं आपल्या एसटीसारखं वेळापत्रक शोधू नका. इंदूरच्या गंगवाल बसस्थानकावरून धारच्या खासगी बसा सुटतात, मांडूसाठी धारला गाडी बदला. मांडूत दोन रात्री काढा आणि परिक्रमावासींशी गप्पा संध्याकाळच्या आरतीनंतर मारा. पहाटे गाठायला गेलात तर ते पुढच्या मुक्कामाला निघालेले असतील.