मार्फत पत्ता

गेल्या पावसाळ्यात रोज रात्री अकराच्या सुमाराला माझा मोबाइल वाजायचा आणि जर्मनीहून मुलगी विचारायची, "अब्बा, ओटीपी आला का?" मी चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवायचो. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात झालेले असत. दोन मिनिटांनी पुन्हा फोन. "नाही चाललं." असं आठ-दहा दिवस झालं.

भानगड अशी होती. माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी नव्वद दिवसांच्या व्हिसावर तिकडे गेली होती. नेमका त्याच वेळी एक लहानसा मराठी चित्रपट एका भारतीय स्ट्रीमिंग सेवेवर आला. त्यात माझं एक गाणं आहे. माझे कवितासंग्रह घरात रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी असतात, त्यांची चौकशी कोणी करत नाही. पण सिनेमातलं गाणं म्हटल्यावर बायकोने तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "कुठे बघायला मिळेल?" नुसतं गाणं मोबाइलवर पाठवता येत होतं, पाठवलंही. तिला ते पडद्यावर, नावाच्या पाटीसकट बघायचं होतं.

सेवेची वर्गणी माझ्या नावावर, मोबाइल नंबर माझा, म्हणून ओटीपी चिपळूणला यायचा. तो भरला की तिकडे पडद्यावर पाटी यायची : हा चित्रपट तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. मग जावयांनी पैसे भरून व्हीपीएन घेतलं. पाटी बदलली : आपण व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरत आहात, ते बंद करा.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. माझा भाचा पुण्यात नेटवर्कचं काम करतो, त्याला गाठलं. त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो, आकड्यांचा. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. जगाचे पाच भाग करून पाच संस्था ते वाटतात. आपल्या भागाची संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे, युरोपची अ‍ॅमस्टरडॅमला. कोणते पत्ते कोणत्या कंपनीला दिले याची नोंद उघडी असते. त्यावरून कुठला पत्ता कुठल्या देशातला याच्या याद्या तयार होतात आणि स्ट्रीमिंग सेवा त्या विकत घेतात. मुलीच्या घरचा पत्ता जर्मन यादीत आहे, एवढ्यावरूनच पहिली पाटी आली होती.

व्हीपीएन काय करतं? माझे वडील जहाजावर होते. मुंबईत डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. कोण बसऱ्याला, कोण हाँगकाँगला, पण सगळ्यांची पत्रं त्या खोलीच्या पत्त्यावर, 'मार्फत' म्हणून. तिथला माणूस ती पुढे पाठवायचा. व्हीपीएन ही तशी मार्फत खोली. मुलीच्या लॅपटॉपमधून निघालेली मागणी कुलूपबंद होऊन आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते. तिथे कुलूप निघतं आणि त्या सर्व्हरचा पत्ता लावून ती पुढे जाते. समोरच्याला फक्त तो पत्ता दिसतो. मुळात ही सोय झाली ती ऑफिसच्या कामासाठी, घरी बसून कचेरीच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरता यावं म्हणून. सिनेमासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला.

आता गंमत बघा. डोंगरीच्या आमच्या पोस्टमनला पूर्ण कल्पना होती की दहा बाय बाराच्या खोलीत साठ माणसं राहत नाहीत. स्ट्रीमिंग सेवेलाही ते कळतं. एकाच पत्त्यावरून शेकडो खाती उघडली की संशय येतो. अर्थात आपल्या मोबाइल कंपन्याही एका पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात, तेव्हा नुसत्या गर्दीवरून निकाल देता येत नाही. म्हणून पत्ता कोणाच्या नावावर आहे तेही पाहतात. घरोघरी इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा असेल तर ठीक. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या डेटा सेंटरचा असेल, तर डेटा सेंटरमध्ये बसून सिनेमा कोण बघतो? झाला बंद. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्ये एका दमात १३० देशांत सेवा सुरू केली आणि त्याच महिन्यात अशी मार्फत खाती अडवणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून हा पाठशिवणीचा खेळ चालू आहे. व्हीपीएनवाले नवे पत्ते घेतात, सेवा ते हुडकून यादीत टाकतात.

भारताच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. आपल्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. आम्ही नोंदी ठेवत नाही, हेच ज्यांच्या दुकानाचं भांडवल, त्या एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्याच वर्षी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यानंतर अशा कंपन्यांनी 'भारत' म्हणून जो पत्ता देऊ केला, तो नोंदीत भारतीय पण त्यामागचं यंत्र सिंगापूर किंवा लंडनला. म्हणजे मार्फत खोलीही डोंगरीत उरली नाही, फक्त पाटी उरली.

भाच्याने जावयांना तीन-चार वेळा भारताचा सर्व्हर बदलायला लावला. चौथ्या वेळी 'व्हीपीएन बंद करा' ही पाटी गेली आणि पुन्हा जुनी 'तुमच्या प्रदेशात नाही' आली. आम्हाला वाटलं फिरून पहिल्या घरात आलो. भाचा खूश झाला. म्हणाला, "मामू, पत्ता पास झाला. आता घरातलंच कोणीतरी खरं बोलतंय."

ते 'कोणीतरी' शोधायला दोन रात्री गेल्या. ब्राउझरमध्ये आधीच्या भेटींच्या खुणा साठतात, त्यांना कुकीज म्हणतात. त्यात जर्मनीची नोंद होती. त्या पुसल्या. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी एक डिरेक्टरी सेवा असते, डीएनएस. लॅपटॉप बाकी सगळं बोगद्यातून पाठवायचा, पण ही चौकशी मात्र सवयीने तिथल्या जर्मन कंपनीकडे करायचा. ते व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये बदललं. तरी नाहीच. शेवटी सापडलं ते असं की जुने पत्ते अपुरे पडू लागल्याने इंटरनेटवर लांबलचक नवे पत्ते आले आहेत, आयपीव्ही-सिक्स म्हणतात त्यांना. मुलीच्या घरी दोन्ही होते. व्हीपीएन फक्त जुन्या पत्त्याची वाहतूक वळवत होतं आणि नव्या पत्त्याची सरळ दारातून बाहेर पडत होती. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. लॅपटॉपमध्ये आयपीव्ही-सिक्स बंद केलं आणि चित्रपट लागला.

मोबाइलवर मात्र लागला नाही. तिथे अ‍ॅप जीपीएसने ठिकाण विचारू शकतं आणि जीपीएसला व्हीपीएनशी देणंघेणं नसतं. टीव्हीवरही नाही, कारण व्हीपीएन लॅपटॉपवर होतं, टीव्ही आपला थेट जर्मन जोडणीवर. जावयांनी लॅपटॉपची केबल टीव्हीला लावली. फुकटचं व्हीपीएन घेऊन बघू, असं मी मध्येच सुचवलं होतं. भाचा उखडला. २०१५ मध्ये होला नावाची अशी फुकट सेवा आपल्या वापरणाऱ्यांच्याच घरच्या जोडण्या तिऱ्हाइतांना विकताना उघडकीला आली होती.

तर त्या रात्री तिकडे सिनेमा सुरू झाला. मी इकडे जागा. चाळिसाव्या मिनिटाला व्हीपीएन क्षणभर तुटलं, लॅपटॉपने आपणहून साधी जोडणी पकडली आणि पडदा पुन्हा पाटीवर. गाणं सत्तेचाळिसाव्या मिनिटाला आहे. व्हीपीएन तुटलं तर इंटरनेटच थांबवायचं, अशी एक कळ त्यात असते, ती लावायची राहिली होती. पुन्हा ओटीपी मागायला मुलीने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अब्बा, मी सेवेच्या अटी वाचल्या. असं बघायला त्यांची परवानगी नाही. खातं तुमचं आहे, बंद करतील." नुसतं व्हीपीएन वापरणं भारतात किंवा जर्मनीत गुन्हा नाही, पण सेवेशी केलेला करार मोडतो, हे खरं. आमच्या कोकणातली निम्मी घरं आखातात पसरलेली आहेत म्हणून सांगतो, संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कायद्याने, गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी असा पत्ता बदलला तर तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे.

मी चिडून निर्मात्यांना फोन लावला. चित्रपट मराठी, मराठी माणसं जगभर, मग भारतापुरताच का विकलात? ते शांतपणे म्हणाले, "परदेशासाठी बोलणी चालू आहेत. त्यांचे वकील सगळ्यांची कागदपत्रं मागतात. तुमच्या गाण्याच्या कागदावर प्रदेशच लिहिलेला नाही."

मी कपाटातून कागद काढला. एक पान, माझी सही. मानधनाचा आकडा अक्षरी आणि अंकी दोन्ही, कारण तेवढं मी नीट तपासलं होतं. गाणं कुठे वाजवायचं याबद्दल अक्षर नाही. भाच्याच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम दाखवलं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. तरतूद लेखकाच्या भल्यासाठी आहे, न विचारता त्याचं सगळं कोणी नेऊ नये म्हणून. माझ्या बायकोच्या वाटेत आडवे आलेले जे काही कागद होते, त्यात एक माझाच होता.

नव्या कागदावर 'जगभर' हा शब्द घातला, मुदत घातली, या वेळी मानधनाच्या रकमेखेरीज बाकीचंही वाचलं आणि सही करून कुरिअर केला.

गणपतीच्या आधी बायको परत आली. आल्याच्या दुसऱ्या रात्री आम्ही चिपळूणच्या घरी तो चित्रपट लावला, ओटीपी न लागता. माझं नाव पाटीवर दोन सेकंद असतं. तिने ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. मुलीकडे चित्रपट अजून लागत नाही. बोलणी चालू आहेत, असं निर्माते सांगतात.