घणाखालून वाचलेली करन्सी बिल्डिंग

कोलकात्याच्या बीबीडी बागेत, म्हणजे जुन्या डलहौसी चौकात, पर्यटक रायटर्स बिल्डिंग आणि जनरल पोस्ट ऑफिसचा पांढरा घुमट पाहून पुढे जातात. त्याच चौकातली तिमजली, इटालियन धाटणीची करन्सी बिल्डिंग मात्र अनेकांच्या यादीत नसते. खरं तर रुपयाच्या इतिहासाचा मोठा तुकडा इथेच घडला.

ही वास्तू मूळची आग्रा बँकेची. १८६६च्या आर्थिक पडझडीत ही बँक बुडाली, नव्याने उभी राहिली. पण दोनच वर्षांत इमारतीचा मोठा भाग सरकारच्या करन्सी कचेरीकडे गेला. १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. मधल्या भव्य दालनातल्या खिडक्यांवर लोक नोटा देऊन चांदीचे रुपये आणि मोड नेत. तेव्हा कलकत्ता सर्कलची, म्हणजे कलकत्ता विभागासाठी काढलेली नोट मुंबईत वटेलच असा भरवसा नसे. १ एप्रिल १९३५ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, तीही याच वास्तूत. १९३७ साली तिचं मध्यवर्ती कार्यालय कायमचं मुंबईला आलं.

पुढे इमारतीची रया गेली. १९९६ साली तर पाडकामच सुरू झालं. वारसाप्रेमी आणि महापालिकेने ते १९९८ साली थांबवलं, तोवर मधल्या दालनावरचे घुमट जमीनदोस्त झाले होते. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इमारत ताब्यात घेऊन डागडुजी केली. पडलेले घुमट नव्याने बांधण्याचा मोह विभागाने टाळला, हे फार बरं केलं. आज त्या जागी उघडा चौक आहे. कडेच्या कमानींच्या उघड्या विटा पाहिल्या, की घण कुठवर पोहोचला होता ते कळतं. भोवतीच्या खोल्यांत संगमरवर आणि चुनारी दगडाची फरसबंदी आहे.

जानेवारी २०२०मध्ये याच खोल्यांत ‘घरे बाइरे’ हे बंगालच्या कलेचं संग्रहालय सुरू झालं. कालीघाटच्या पटचित्रांपासून अवनींद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी राय यांच्यापर्यंतचा प्रवास तिथे एका छताखाली पाहता येई. मागोमाग करोना आला आणि दोन वर्षांच्या आतच ते बंद झालं. दगडविटांना जीवदान देणं एक वेळ जमतं. भिंतींवर चित्रं कायम टिकवायला पैसा, माणसं आणि चिकाटी वर्षानुवर्षं लागते.

हावड्याहून हुगळीच्या पात्राखालून धावणारी मेट्रो महाकरण स्थानकावर सोडते. तिथून इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आत कोणतं प्रदर्शन चालू आहे, याची आधी चौकशी करावी. प्रदर्शन नसलं, तरी इमारत उघडी असेल तर मधला चौक चुकवू नये.