कोळसा जळतो, पण संपत नाही

कपड्यांच्या कपाटात ठेवल्या जाणाऱ्या पांढऱ्या डांबरगोळ्यांचा कोळशाशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. या गोळ्या नॅप्थालीनच्या असतात आणि नॅप्थालीन प्रथम मिळाले ते दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरातून. कोळसा म्हणजे केवळ इंधन नव्हे, तर अनेक पदार्थांचा तो कच्चा माल आहे, हे त्या नावातच दडलेले आहे.

हवेचा संपर्क टाळून कोळसा सुमारे एक हजार अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्यातील वायू व डांबर बाहेर पडते आणि मागे कठीण, सच्छिद्र असा कोक उरतो. लोखंडाच्या झोतभट्टीत हाच कोक वापरतात. कोळशाच्या वायूने एकेकाळी शहरांतील रस्त्यांवरचे दिवे उजळले. डांबरापासून बेंझीन, फिनॉल, नॅप्थालीन अशी रसायने मिळाली. डांबरातील घटकांवर प्रयोग करीत असतानाच १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाच्या हाती जांभळा कृत्रिम रंग लागला आणि रंगद्रव्यांच्या उद्योगाचा पाया घातला गेला.

भारतात मात्र बहुतांश कोळसा वीज निर्माण करण्यासाठी जाळला जातो. २०२४-२५ या वर्षात देशाचे कोळसा उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या पुढे गेले. महाराष्ट्रातील कोळशाच्या खाणी विदर्भात आहेत. त्यांच्याच परिसरात २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र उभे आहे.

येथील कोळशाचा मोठा दोष म्हणजे राख. कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पतींचे अवशेष पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत येऊन साचले, तेव्हा त्यांत माती व वाळूही मिसळली. त्यामुळे भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. एक युनिट विजेसाठी ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे महिन्याला १०० युनिट वीज वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची असेल, तर त्या घराच्या नावावर वीस किलोंहून अधिक राख जमा होते. ती घरात दिसत नाही, वीज केंद्राशेजारच्या गावांना मात्र दिसते.

ही राख पाण्यात कालवून तलावात सोडण्याची पद्धत रूढ आहे. उन्हाळ्यात तलाव सुकला की राख वाऱ्यावर उडते. पावसाळ्यात धोका बांधाचा असतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळील कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारात पसरले.

खरे तर ही राख उपयुक्त आहे. तिच्यातील सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावते आणि काँक्रीट अधिक टिकाऊ होते. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. राखेच्या विटांमुळे शेतातील सुपीक माती वाचते. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेद्वारे राखेचा संपूर्ण वापर वीज केंद्रांवर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपयांची भरपाई आकारण्याची तरतूद केली.

तथापि, राख मार्गी लागली म्हणून कोळसा स्वच्छ ठरत नाही. जळताना कार्बनशी हवेतील ऑक्सिजन जोडला जातो. त्यामुळे १२ किलो कार्बनपासून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका युनिटमागे सुमारे एक किलो, म्हणजे त्याच घरामागे महिन्याला जवळपास एक क्विंटल! या वायूच्या विटा पाडता येत नाहीत.

म्हणूनच पर्यायांचा विचार अपरिहार्य ठरतो. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीज क्षमतेत जीवाश्म इंधनाशिवायच्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. तरीही प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचेच वर्चस्व राहिले, कारण सूर्य मावळतो, वारा पडतो आणि विजेची मागणी तर संध्याकाळीच वाढते. पोलादासाठी कोकऐवजी हरित हायड्रोजन वापरण्याचे प्रयत्न सुरू आहेत, पण तो अद्याप महाग आहे. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले अखेरचे कोळसा वीज केंद्र बंद केले, तेही अनेक वर्षांच्या पूर्वतयारीनंतर.

अशा तयारीचा एक नमुना सह्याद्रीत आहे. भंडारदऱ्याजवळच्या २५० मेगावॅटच्या घाटघर प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवले जाते आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज निर्माण केली जाते. दुपारची सौर वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे. विशेष म्हणजे रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या येथील धरणांत औष्णिक केंद्राची राख मोठ्या प्रमाणात वापरली गेली. कोळशाच्या अवशेषातून कोळशाच्या पर्यायाचा बांध उभा राहू शकतो, हे घाटघरने दाखवून दिले आहे. असे साठे जितक्या लवकर वाढतील, तितका चंद्रपूर आणि कोराडीच्या परिसरावरचा राखेचा भार लवकर हलका होईल.