ध्रुवाखालची उमेदवारी

आमचे तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती रस्त्यावर आहे. मोटारीने जाणाऱ्या पुष्कळांना ते सत्याग्रही घाटामुळे आणि संत्र्यांच्या बागांमुळे ठाऊक असते. पण ह्या गावाची आणखी एक खूण आहे, ती रात्री पाहावी लागते. येथून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर दिसतो. उत्तरेकडे तोंड करून हात लांब करावा, क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर दुसरी मूठ ठेवावी, की तिच्या माथ्याशी ध्रुव बसलेला सापडतो. जितके अक्षांश तितकी ध्रुवाची उंची, हा भूगोलातला साधा नियम. आता अशी कल्पना करा, की हा तारा दोन मुठींवर नाही, तर जवळजवळ डोक्यावर आहे आणि तो पाहताना टोपी मागे पडते आहे. असे एक गाव पृथ्वीवर आहे आणि तेथे आपल्या देशाचे एक घरही आहे.

त्या गावाचे नाव नी-आलेसुंड. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे, त्यात ते सुमारे ७९ अंशांवर वसले आहे. तेथून उत्तर ध्रुव सुमारे १,२०० किलोमीटर राहतो. मूळचे ते कोळशाच्या खाणीचे गाव. १९६२ साली खाणीत मोठा स्फोट होऊन २१ माणसे दगावली आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद पडली. आज तेथे अनेक देशांची संशोधन केंद्रे आहेत. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ च्या ऑगस्टमध्ये गेली आणि १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र सुरू झाले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात त्याचे महिनोन्‌महिने दर्शन होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आपली पहिली हिवाळी मोहीम त्या काळोखातही जाऊन पोहोचली.

मराठी माणसाला उत्तर ध्रुव तसा परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली इंग्रजीत ग्रंथ लिहून वेदांतल्या दीर्घ उषःकालाचा आणि सहा महिन्यांच्या दिवसाचा संबंध आर्क्टिक प्रदेशाशी जोडला होता. आज विद्वानांना तो सिद्धांत मान्य नाही. पण पुण्यात बसून एका माणसाने कधी न पाहिलेल्या प्रदेशातल्या पहाटेचा एवढा बारीक विचार केला, ही गोष्ट मला मराठीचा अध्यापक म्हणून अजून मोह घालते. टिळकांना तो प्रदेश ग्रंथांतून शोधावा लागला. आजच्या मुलामुलींना तो बरण्यांतून भेटतो. कसा, तेच सांगावयाचे आहे.

जुन्या मराठीत ‘उमेदवारी’ हा एक सुरेख शब्द होता. आता तो निवडणुकीने पळवला. पूर्वी एखादा मुलगा मॅट्रिक झाला, की कचेरीत किंवा वकिलाकडे बिनपगारी बसे. दौती भरी, कागद लावी, मोठ्यांचे अक्षर पाही. त्याला ‘उमेदवारी करणे’ म्हणत. आज कॉलेजातली मुले ‘इंटर्नशिप’ म्हणतात ती हीच. गोव्यात वास्को येथे, हेडलँड सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. ‘हिमाद्री’चा कारभार तेथूनच चालतो. अशा संस्थांत आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत जीवशास्त्राचे विद्यार्थी काही महिन्यांची उमेदवारी करतात. त्यांतले फार थोडे प्रत्यक्ष बर्फावर जातात. बाकीच्यांसाठी आर्क्टिकच पेटाऱ्यांत बसून येतो: समुद्राचे पाणी, तळाचा गाळ, शेवाळ, गोठवलेले जिवाणू.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशीच गोव्याला गेली. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी तिला मराठी शिकवले, पुढे तिने प्राणिशास्त्रात एम. एस्सी. धरली. शेवटच्या सत्रात एका प्रयोगशाळेत सहा महिने प्रकल्प करण्याची संधी आली. विद्यावेतनाची गोष्ट नव्हती, राहण्याजेवणाचा खर्च घरचाच. वडिलांची संत्र्याची बाग. आंबिया बहाराचे पैसे नुकतेच हाती आलेले, त्यांतून सोसायटीचे कर्ज फेडायचे. शिवाय अचलपूरकडचे एक चांगले स्थळ चालून आलेले. वडील एके संध्याकाळी माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, “सर, पोरगी सा महिने गोव्याले जाईन, समुद्रातले किडे मोजन, अन्‌ त्याचा पगारबी नाही. मंग हे शिक्षण का सेवा?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. शहरातल्या कितीतरी सुशिक्षित घरांतही तो रोज विचारला जातो. फक्त भाषा निराळी असते. मी त्यांना एवढेच म्हटले, की दोन्ही आहे, आणि जे शिक्षण सेवेवाचून मिळते ते फार टिकत नाही. निर्णय मात्र तिच्या आईने केला. “स्थळ थांबते तर थांबू द्या, सत्र थांबत नाही,” असे ती म्हणाली. कर्जाचा एक हप्ता पुढे गेला, स्थळ काही थांबले नाही, आणि मुलगी जानेवारीत गोव्याला गेली.

तिची पत्रे मजजवळ आहेत. पत्रे म्हणजे मोबाइलवरचा मजकूरच, पण लांबलचक आणि शुद्ध मराठीत, म्हणून मी त्यांना पत्रेच म्हणतो. पहिल्या पत्रात शिसपेन्सिलीची हकीकत होती. बरणीत नमुना ठेवला, की आत कागदाची चिठ्ठी घालतात: कोणती जागा, किती खोली, कोणता दिवस. ही चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची, कारण नमुना टिकवणाऱ्या द्रवात शाई विरघळते. चिठ्ठी गेली, की हजारो मैलांवरून आलेला नमुना म्हणजे नुसते गढूळ पाणी! पहिले काही दिवस तिने फक्त चिठ्ठ्या लिहिल्या. एम. एस्सी.च्या शेवटच्या सत्रातल्या मुलीला पुन्हा बालवाडीत बसवल्यासारखे वाटले असेल. पण अक्षर सुधारले, असे तिनेच कळवले.

पुढे सूक्ष्मदर्शक आला. आर्क्टिक समुद्रात कॅलॅनस नावाचे तांदळाच्या कणीएवढे जीव असतात. कोळंबीचे दूरचे नातलग म्हणा. उन्हाळ्यात ते सूक्ष्म वनस्पती खातात आणि अंगात चरबी साठवतात. त्या चरबीवर मासे आणि ‘लिटल ऑक’सारखे छोटे समुद्रपक्षी जगतात, आणि माशांवर पुढची सारी पंगत उठते. ह्यातली थंड पाण्यातली जात अंगाने मोठी व चरबीदार; अटलांटिकच्या उबदार पाण्याबरोबर येणारी जात लहान आणि कमी पोसलेली. ‘हिमाद्री’समोरच्या कोंग्सफियोर्ड खाडीत हे उबदार पाणी वाढू लागले आहे. म्हणजे पक्ष्याने चोच तेवढीच मारली, तरी घास हलका झाला. ह्याच खाडीत २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी ‘इंडआर्क’ हा यंत्रांचा संच १९२ मीटर खोल पाण्यात नांगरून ठेवला. तो पाण्याचे तापमान आणि खारटपणा नोंदवीत आला. पण यंत्राने पाणी मोजले, तरी कणीएवढ्या जिवाची जात ओळखून ती एकेक मोजायला माणसाचा डोळा लागतो. वडिलांनी ज्याला ‘किडे मोजणे’ म्हटले ते हेच. आणि ते अक्षरशः खरे होते!

मला सर्वांत आवडली ती रिकाम्या बाटलीची गोष्ट. पाण्यातले जिवाणू तपासायचे असले, की नमुन्यांच्या बाटल्यांबरोबर एक बाटली निर्जंतुक पाण्याची नेतात. तिच्यात खाडीतले काहीही भरायचे नाही. ती नुसती सोबत जाते, तेथे उघडली जाते, बंद होते आणि परत येते. मग तिचीही तपासणी इतरांसारखीच करतात. कशासाठी? आपल्या हातांनी, आपल्या हवेने, आपल्या भांड्यांनी किती घाण बरोबर नेली, ते कळावे म्हणून. ती वजा केल्यावर जे उरेल ते आर्क्टिकचे. दुसऱ्याविषयी बोलण्याआधी स्वतःची धूळ मोजून बाजूला काढणारी ही रीत मी वर्गात निबंधलेखन शिकवताना हल्ली सांगतो.

आणखी एक धडा तर माझ्याच विषयातला निघाला. नोंदवहीत रकाना रिकामा सोडायचा नाही, असा तेथे दंडक. एखादी जात नमुन्यात मिळाली नाही, तर ‘आढळली नाही’ असे लिहून शून्य मांडायचे. नमुना तपासलाच नसेल, तर ‘पाहिले नाही’ असे लिहायचे. ‘आढळली नाही’ हे ज्ञान आहे, ‘पाहिले नाही’ हा प्रामाणिकपणा आहे, आणि रिकामा रकाना म्हणजे निव्वळ गोंधळ. आपल्या सार्वजनिक चर्चांत किती रिकामे रकाने ठामपणे भरले जातात, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

ज्यांना प्रत्यक्ष तिकडे जाण्याचे भाग्य लाभते, त्यांची शाळा आणखी निराळी. स्वालबार्डच्या लाँगइयरब्येन ह्या गावी १९९३ पासून एक विद्यापीठ केंद्र आहे आणि त्यात आर्क्टिक जीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे देशोदेशींचे विद्यार्थी येतात. फुलापाखरांचा अभ्यास नंतर. आधी सुरक्षेचे शिक्षण. त्यात बंदूक चालवणेही आले, कारण वस्तीबाहेर पांढरे अस्वल केव्हा समोर येईल ह्याचा नेम नाही. नी-आलेसुंडमध्ये घरांना कुलपे लावीत नाहीत. अस्वल मागे लागले, तर जे दार जवळ असेल त्यात शिरता यावे. तेथला विलो वृक्ष बोटाच्या दोन पेरांहून क्वचितच उंच असतो. त्या ‘जंगला’त चालताना पाय जपून टाकावा लागतो. आर्क्टिक सुरय नावाचा, शंभरेक ग्रॅम वजनाचा पक्षी घरट्याजवळ गेलेल्याच्या डोक्यावर चोच मारतो. पण हाच पक्षी वर्षातून एकदा अंटार्क्टिकपर्यंत जाऊन परत येतो. त्याचा वर्षाचा प्रवास सुमारे ७०,००० किलोमीटर भरल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. आपल्या धरणांवर दिसणारा नदी सुरय त्याचाच भाऊबंद.

मार्चमध्ये वडील पुन्हा भेटले. आता प्रश्न दुसरा होता. “सर, तिकडचा बरफ इरघळला त माह्या संत्र्याले का फरक पडते?” ह्याचे उत्तर मी मुलीलाच विचारून दिले. १९७९ पासूनच्या नोंदी पाहता आर्क्टिक प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. २०२१ साली गोव्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की आर्क्टिकमधील कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये, होणारी अतिवृष्टी ह्यांत संबंध असावा. ‘असावा’ हा शब्द मी मुद्दाम उच्चारला, कारण शास्त्रज्ञांनीही तो सोडलेला नाही. सप्टेंबरची झड लागली, की आंबिया बहाराची फळगळ होते, हे मात्र त्यांना कोणी सांगायला नको होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मी त्यांना बियांच्या कोठाराचेही सांगितले. २००८ साली स्वालबार्डच्या डोंगराच्या पोटात जगभरच्या पिकांचे बियाणे उणे १८ अंशांत जपणारे कोठार उघडले. हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यात ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ह्यांचे वाण ठेवले आहेत. आणि २०१६ साली बर्फ व पावसाचे पाणी त्या कोठाराच्या बोगद्याच्या तोंडाशी शिरले. बियाण्याला धक्का लागला नाही. पण जगाने तिजोरी म्हणून निवडलेली थंडीही आता बेभरवशाची झाली आहे. “तूरबी तिथंच ठेवली का?” एवढेच ते म्हणाले.

विदर्भाच्या मुलींना हा रस्ता नवा नाही, हे येथे सांगायला हवे. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत ह्यांनी पुण्यात बी. एस्सी. केली, हवाई व लंडन येथे उच्च शिक्षण घेतले आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता ह्या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ ठरल्या. तो ध्रुव दक्षिणेचा. पण समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचे शास्त्र तेच. त्यांच्या आडनावातले पंत आणि आमच्या गावाच्या नावातले पंत ह्यांचा काही संबंध नाही, तरी वर्गात हे सांगताना मुली जरा ताठ बसतात.

आमच्या मुलीने अजून आर्क्टिक पाहिलेला नाही, पाहील की नाही ते मी सांगू शकत नाही. ती संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. पहिल्या खेपेस थोडक्यात हुकले. घरात सारे सुरळीत आहे असेही नाही; नातेवाईक भेटले, की स्थळाचा विषय निघतोच. तेव्हा आपल्या घरी कोणी अशा उमेदवारीची गोष्ट काढील, तर पगार किती, हा प्रश्न जरूर विचारावा, कारण तो खरा आहे. पण त्यापुढे आणखी तीन विचारावेत: शिकवणार कोण, मूल राहणार कोठे, आणि परतताना त्याच्या हाती स्वतःच्या कामाची नोंद असेल की नाही? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असली, तर सहा महिने वाया जाणार नाहीत.

गोव्याहून परतल्यावर तिने बागेतल्या खोपीत एक वही टांगली: तारीख, पाऊस, दहा ठरलेल्या झाडांखालची गळालेली फळे. ती अभ्यासासाठी अमरावतीला असते, तेव्हा नोंद वडील करतात. गेल्या भाद्रपदात मी ती वही चाळली. बहुतेक रकान्यांत आकडे होते, तीनचार ठिकाणी शून्ये होती. एका तारखेसमोर, त्या दिवशी ते आर्वीला लग्नाला गेले होते, शिसपेन्सिलीने जाड अक्षरांत लिहिले होते: ‘पाहिलं नाही’.