मोहीम लिहिली, आता अभिप्राय घ्यायचा कसा?

फासे, कागद, पेन्सिल आणि चार-पाच मित्र. गेम मास्टर प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला, तेव्हापासून हा खेळ असाच चालतो. समजा, बेळगावातल्या एकाने अशा खेळासाठी निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत घडणारी रहस्यमय मोहीम लिहिली. गुपित दडलंय मालकाच्या मोडी लिपीतल्या पत्रात. आता मित्रांचा अभिप्राय हवा. गैरसमज सुरू होतात ते इथून.

गैरसमज : वाचून मत दिलं की झालं.
वस्तुस्थिती : वाचताना मोडी पत्र झकास वाटतं. खेळताना मात्र ते कुणालाच वाचता येत नाही आणि खेळ तिथेच ठप्प होतो. मोहिमेची परीक्षा टेबलावरच होते. गायगॅक्सची ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही गाजलेली मोहीम 1975 च्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात खेळवली गेली; पुस्तिका निघाली 1978 मध्ये.

गैरसमज : चांगला अभिप्राय म्हणजे उपाय सुचवणं.
वस्तुस्थिती : ‘पत्र काढून टाक’ हा सल्ला झाला. ‘पत्र हाती आल्यावर आम्ही अर्धा तास अडकलो, मग वखारच पेटवून द्यावीशी वाटली’ हा अभिप्राय. आधी घडलं ते सांगा. उपाय विचारला तर द्या. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाचा नियम असा की, खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्यासाठी किमान तीन धागे ठेवावेत. मग पत्र राहू दे. जोडीला हिशेबवहीतली खाडाखोड आणि म्हाताऱ्या हमालाची आठवण येऊ दे.

गैरसमज : खेळाडू चुकले तर लेखकाने लगेच समजावून सांगावं.
वस्तुस्थिती : उद्या मोहिमेची ही वही दुसऱ्याच गावातल्या गेम मास्टरच्या हाती पडेल. तिथे ‘मला असं म्हणायचं होतं’ सांगायला लेखक नसेल. म्हणून एकदा तरी दुसऱ्याला मोहीम चालवू द्यावी आणि आपण कोपऱ्यात गप्प बसून टिपणं काढावीत. गेम मास्टरने कुठे पानं मागे उलटली, कोण कधी मोबाइलकडे वळलं, हे टिपून ठेवावं.

गैरसमज : कौतुकाचा काही उपयोग नसतो.
वस्तुस्थिती : ‘लई भारी’ एवढ्याचा नसतो. ‘हमालाशी बोलताना मजा आली, कारण तो खोटं बोलतोय हे आम्हीच ताडलं’ याचा असतो. चांगलं काय ते कळलं नाही, तर दुरुस्तीच्या नादात नेमकं तेच कापलं जातं.

गैरसमज : आलेली प्रत्येक सूचना मानायलाच हवी.
वस्तुस्थिती : एकाचं मत ही त्याची आवड असू शकते, तीन वेगवेगळे गट एकाच जागी अडखळले तर दोष मोहिमेत आहे. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीआधी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीने पावणेदोन लाखांहून अधिक लोकांकडून चाचणी करून घेतली, पण अखेरचे नियम कंपनीच्याच लेखकांनी लिहिले. सीमाभागात गट बदलण्याचा आणखी एक फायदा : कन्नड माध्यमात शिकलेला, मराठी सफाईने बोलणारा पण सावकाश वाचणारा खेळाडू टेबलावर असला, की कुठली चिठ्ठी हातात द्यायची आणि कुठली वाचून दाखवायची ते लगेच कळतं.

म्हणून ‘कशी वाटली?’ असं मोघम विचारू नये. ‘कुठे अडलात, कुठे कंटाळलात, गुपित कधी ओळखलंत?’ असं विचारावं. उत्तरं लिहून घ्यावीत, वाद घालू नये आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करावी.