चालायला उशीर आणि बोलायला उशीर

हा मागच्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांचे हेडफोन घरी राहिले, ज्यांना ऑफिसमध्ये ऐकता येत नाही, किंवा ज्यांच्या मांडीवर आत्ता एक झोपलेलं बाळ आहे, त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे जिथे "म्हणजे... अं..." केलं होतं ते काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सर्व्हरचा कोड लिहितो. पण गेल्या दोन वर्षांत एका छोट्या माणसाचा बाप म्हणून मला दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या होत्या. पहिली मी नीट शिकलो. आणि ती इतकी नीट शिकलो की दुसरी जवळजवळ हुकलीच. आजचा एपिसोड त्यावर.

सुरुवात एका नोटिफिकेशनने. सकाळी स्टँडअप चालू होता आणि फोनवर आलं, "तुमचं बाळ आता १५ महिन्यांचं झालं! या वयात ते पावलं टाकू लागलं असेल." माझं बाळ त्या वेळी बूड घासत हॉलमधून किचनमध्ये चाललं होतं. होय, बूड घासत. आमचे चिरंजीव कधी रांगलेच नाहीत. एक हात जमिनीवर टेकवायचा आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचं, होडी वल्हवल्यासारखं. सगळ्या चड्ड्या मागून झिजलेल्या. वरच्या मजल्यावरची मुलगी अकराव्या महिन्यात चालली होती, आणि तिची आजी लिफ्टमध्ये भेटली की पहिला प्रश्न, "काय, लागला का चालायला?"

मग मी इंजिनिअर लोक जे करतात ते केलं. एक्सेल शीट उघडली. पालथा पडला ती तारीख, बसला ती तारीख, आणि शेजारी इंटरनेटवरून उचललेली "नॉर्मल" तारीख. दोघांतला फरक लाल रंगात. बायकोने एकदा ती शीट बघितली आणि एवढंच म्हणाली, "अरे, हा काय जिराचा बोर्ड आहे का?"

शीटमध्ये गडबड काय होती ते नंतर कळलं. मी प्रत्येक गोष्टीसमोर एकच तारीख लिहिली होती. प्रत्यक्षात तिथे दोन तारखा लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने यावर एक मोठा अभ्यास केला, २००६ साली तो छापून आला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका, अशा पाच देशांतली निरोगी मुलं. भारतातली मुलं दिल्लीची होती. मुलं आधाराशिवाय बसतात कधी, उभी राहतात कधी, चालतात कधी, अशा सहा गोष्टी त्यांनी बघितल्या. एकट्याने चालण्याची खिडकी निघाली ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. परत वाचा. नऊ महिन्यांपेक्षा जास्त रुंद खिडकी आहे ही. वरच्या मजल्यावरची अकरा महिन्यांची मुलगी आणि आमचा पंधरा महिन्यांचा होडीवाला, दोघेही तिच्या आत. आणि गुडघ्यावर रांगणं? साधारण ४ टक्के मुलं ती पायरी गाळूनच पुढे गेली. बूड घासणारी मुलं चालायला थोडी उशिरा लागतात हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. माझ्या आईलाही माहीत होतं. तिने कुठलाही अभ्यास वाचलेला नाही.

आपल्याकडे ही दोन तारखांची कल्पना फार सुंदर पद्धतीने वापरतात. तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरने एक तक्ता केलाय, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, फक्त १७ गोष्टी. प्रत्येक गोष्टीची एक आडवी पट्टी. पट्टीचं डावं टोक म्हणजे १०० पैकी पहिल्या ३ मुलांना ती गोष्ट जमते ते वय, उजवं टोक म्हणजे ९७ मुलांना जमलेली असते ते वय. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हा चक्क गँट चार्ट आहे. तुमच्या मुलाच्या वयावर एक पेन्सिल उभी धरायची. जी पट्टी पूर्णपणे पेन्सिलच्या डावीकडे गेली आणि तरी ती गोष्ट मुलाला जमत नाही, तिथे डॉक्टरांना दाखवायचं. पेन्सिल पट्टीच्या मधून जात असेल तर शांत बसायचं. ना ॲप, ना नोटिफिकेशन. आणि त्यातल्या गोष्टी घेतल्यात बडोद्याच्या आकडेवारीवरून, म्हणजे प्रमिला फाटक यांनी तिथल्या विद्यापीठात भारतीय मुलांवर केलेल्या कामातून. परदेशी फूटपट्टी तशीच न वापरता आपल्या मुलांवर मोजून बघण्याचं काम एका मराठी आडनावाच्या बाईंनी इतकं आधी करून ठेवलंय, आणि मी मात्र कुठल्यातरी ॲपवर विसंबून होतो.

(वेळेआधी जन्मलेलं बाळ असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत वय जन्मतारखेवरून मोजायचं नाही, डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेवरून मोजायचं. मित्राला हे कोणी सांगितलंच नव्हतं. बिचारा चार महिने उगाच झुरत होता.)

तर, चिरंजीव सोळाव्या महिन्यात चालले. रविवार होता. कपडे वाळत घालायचा स्टँड धरून उभा होता, किचनमधून कुकरची शिट्टी झाली, तो वळला, आणि स्टँड सोडून शिट्टीच्या दिशेने चार पावलं टाकली. मग बसला. मग स्वतःच टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे व्हिडिओ नाही, कारण फोन चार्जिंगला होता.

हा कुकर लक्षात ठेवा.

जाता जाता पांगुळगाड्याचं सांगतो, कारण मेसेजमध्ये हा प्रश्न कायम येतो. आपला जुना लाकडी पांगुळगाडा, ज्याच्या मागे मूल उभं राहून ढकलतं, आणि बाजारात मिळणारा गोल वॉकर, ज्याच्या आत मूल बसवतात, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून, ओट्यापाशी अपघात होतात. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. आम्हाला भेट म्हणून दोन आले होते. एक माळ्यावर आहे, एक... तोही माळ्यावरच आहे.

आता मूळ मुद्दा. चालण्याच्या प्रकरणातून मी शिकलो की चिल मारायचं. शीट डिलीट केली. ॲप काढून टाकलं. लिफ्टमधल्या आजींना हसून "चालतो की आता, धावतो" म्हणायला लागलो. आणि दीड वर्षाचा झाला तरी तो फारसा बोलत नाही, हे दिसत असून मी तोच नियम लावला. प्रत्येक मूल वेगळं. खिडकी रुंद असते. घरच्यांनीही साथ दिली. आई म्हणाली, "अरे, मुलगे उशिराच बोलतात. तू अडीच वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतंस, आता बघ, बंद होत नाही." सगळे हसले. मीही.

बायको हसली नाही. तिने एवढंच म्हटलं, "मागून हाक मारली की वळत नाही तो."

मी म्हटलं, "खेळण्यात असतो ग. कुकरची शिट्टी झाली की लगेच वळतो ना?"

मग बूस्टर डोससाठी गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "किती शब्द बोलतो?" मी ठोकून दिलं, "पाच-सहा." त्या म्हणाल्या, "कोणते?" आणि मी बोटं मोजायला लागलो. आई-बाबा सोडून. "आबा" होतं. "भू" होतं, पण ते कुत्र्याला, गाडीला, पंख्याला, सगळ्यालाच. तिसरं मला सुचलं नाही. त्या केबिनमधली ती दहा सेकंदं मला अजून आठवतात.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण माझी सगळी चूक याच्यात आहे. अमेरिकेच्या सीडीसीने २०२२ मध्ये त्यांची टप्प्यांची यादी बदलली. आधीच्या यादीत साधारण निम्म्या मुलांना जे जमतं ते लिहिलेलं असायचं. म्हणजे यादीत लिहिलेलं तुमच्या मुलाला जमत नसेल तर अर्थ काय? काहीच नाही, उरलेली निम्मी मुलंही तशीच. मग साहजिकच सगळे म्हणणार, थांबू, बघू. नव्या यादीत १०० पैकी किमान ७५ मुलांना जे जमतं तेच घेतलं. आता त्यातलं काही जमत नसेल तर विचारायला जायचं. रांगणं तर यादीतून काढूनच टाकलं. बोलण्याचं मात्र ठेवलं: दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीन किंवा जास्त शब्द म्हणायचा प्रयत्न, आणि एखादी गंमत दिसली की बोट करून दाखवणं. दोन वर्षांना दोन शब्द जोडून, "दूध दे", "आबा ये" असं काहीतरी.

शब्द म्हणजे शुद्ध शब्द नव्हे बरं का. गाईला कायम "हम्मा" म्हणत असेल तर तो शब्द. पाण्याला कायम "पापी" म्हणत असेल तर तोही शब्द. घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशींची हिंदी, टीव्हीवरचं इंग्लिश, सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हे मीही ऐकून होतो. तसं काही नसतं.

डॉक्टरांनी पहिलं काम सांगितलं ते कान तपासण्याचं. मी म्हटलं, "जन्मल्यावर टेस्ट पास झाली होती." त्या म्हणाल्या, "ती जन्मल्यावरची." त्यानंतर किती सर्द्या झाल्या हे त्यांनी विचारलं, आणि पावसाळ्यापासून आमच्या घरात नाक वाहणं बंदच झालं नव्हतं.

ऑडिओलॉजिस्टने कानात एक छोटं बोंडूक घातलं, हवेचा दाब थोडा कमी-जास्त केला, आणि स्क्रीनवर रेष आली. चांगल्या कानात पडदा दाबाने हलतो, त्यामुळे रेषेला डोंगरासारखा उंचवटा येतो. आमची रेष सपाट होती. दोन्ही कानांत. पडद्यामागे पाणी साचलं होतं. लहान मुलांची नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीत ती तुंबते आणि आतलं पाणी निचरत नाही. दुखत नाही, ताप नाही. म्हणून कळतही नाही.

दोन्ही कानांत बोटं घालून घरच्यांचं बोलणं ऐका. "आ", "ओ" ऐकू येतं. "स", "त", "क" गायब. समोर बसून बोललं की चेहऱ्यावरून अंदाज येतो. आणि कुकरची शिट्टी? ती कान तुंबले असले तरी ऐकू येते. मी जिला पुरावा समजत होतो तिने काहीच सिद्ध होत नव्हतं.

गाडीत बायको काही बोलली नाही. मी म्हटलं, "तू सांगत होतीस." ती म्हणाली, "हो."

उपचार म्हणाल तर गंमत आहे, त्यातही थांबायचंच होतं. बहुतेक मुलांचं हे पाणी आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिने वाट बघून परत तपासायचं. तरीही राहिलं आणि ऐकू कमी येत असेल तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार. पण हे थांबणं वेगळं होतं. त्याला तारीख होती, आणि मधल्या काळात काय करायचं ते सांगितलं होतं. समोर बसून, त्याच्या उंचीला येऊन बोला. टीव्ही बंद. एका वेळी एकाने बोला. आमच्या घरात हे तिसरं सगळ्यात अवघड गेलं.

एकविसाव्या महिन्यात परत गेलो. डाव्या कानात डोंगर आला होता. उजव्यात अर्धवट टेकडी. आज बाविसावा चालू आहे, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. शब्द अकरा झालेत, या वेळी मी खरंच मोजलेत: आई, बाबा, आबा, हम्मा, पापी, नको, भुर्र, चिऊ, टाटा, दे, आणि "शी". "शी" आधी अजिबात नव्हता. त्यातला "श" त्याला ऐकूच येत नसावा. आता दिवसभर चालू असतो, पाहुण्यांसमोर जरा जास्तच. दोन शब्द जोडून अजून नाही. काल "आबा दे" म्हणाला असं आई म्हणते, पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि आजीची साक्ष आमच्या घरात धरत नाहीत.

ज्यांना खासगी तपासण्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिथे वाढीचे टप्पेही बघतात. पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, फुकट. अंगणवाडीताईंना विचारा. आणि एक गोष्ट कुठल्याही तक्त्यात बसत नाही: मुलाला जमत असलेली गोष्ट, बोलणं, हात हलवून टाटा करणं, नजर देणं, जर बंद झाली, तर वय काही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मुलं नाहीत, माहितीये. पण भाचे-पुतणे आहेत, आणि कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर कोणीतरी "बोलेल की, काय घाई आहे" लिहिणारच आहे. तिथे "कान तपासले का?" एवढं विचारा.

चला, तो उठला. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू, तोपर्यंत तुमचे प्रश्न पाठवत राहा.