मिठाची जन्मकथा

कलाशाखेच्या अंकात अणुकेंद्रे कशाला, असे आमच्या एका मित्राने विचारले. उत्तर खानावळीच्या ताटात आहे. डाव्या हाताला वाढलेले चिमूटभर मीठ! गांधीजी १९३० साली मिठासाठी दांडीला गेले आणि १९३६ साली आपल्या वर्ध्याजवळ सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, येऊन राहिले. हा इतिहास आपणांस पाठ आहे. पण मिठातील सोडियम आले कोठून?

बहुतांशी ते सूर्याच्या आठपटींहून जड अशा ताऱ्यांच्या पोटात घडले. गाभ्यातील हेलियम संपले की गाभा आकसतो, तापमान साठ कोटी अंशांपलीकडे जाते आणि कार्बनची दोन अणुकेंद्रे एकमेकांत मिसळतात. त्यातून कधी सोडियम व प्रोटॉन, तर कधी निऑन व हेलियम निघते. फ्रेड हॉईल यांनी १९५४ साली हा मार्ग मांडला. कोल्हापूरचे जयंत नारळीकर पुढे केंब्रिजला याच हॉईल यांचे शिष्य झाले.

हे मोजायचे कसे? त्वरकातून कार्बनचा झोत कार्बनच्याच पातळ पत्र्यावर सोडतात. १९६० साली कॅनडातील चॉक रिव्हर येथे असे केले, तेव्हा आलेख सरळ न उतरता त्यात अनपेक्षित उंचवटे दिसले. खरी अडचण मात्र निराळी. दोन्ही केंद्रांवर सहा-सहा धनभार असल्याने मध्ये सुमारे सहा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची भिंत उभी असते, आणि ताऱ्यातील टकरी जेमतेम दीड-दोन दशलक्षांच्या. म्हणजे भिंत ओलांडायची नाही, तिच्यातून पाझरायचे! इतक्या कमी ऊर्जेला दिवसच्या दिवस झोत सोडावा, तेव्हा मोजक्या नोंदी हाती लागतात. त्यांतही खोट्या फार. पत्र्यावर थोडा दमटपणा बसला, की त्यातील हायड्रोजनशी कार्बनची टक्कर होऊन गॅमा किरणांचा गोंगाट उठतो. म्हणून फ्रान्समध्ये ओर्से येथील प्रयोगात (निष्कर्ष २०२०) पत्रा गरम होऊ नये यासाठी फिरता ठेवला, आणि गॅमा किरण व कण एकाच क्षणी आले तरच नोंद धरली.

इटलीतील संशोधकांनी २०१८ साली आडवाट घेतली. नायट्रोजनच्या केंद्रात दडलेला कार्बन भिंतीपलीकडे नेऊन त्यांनी ही क्रिया कमी ऊर्जेला कितीतरी वेगवान असल्याचे सांगितले. इतरांना ते पटले नाही. काहींच्या मते तर ती उलट मंदावते. हा वाद शब्दांचा नाही. वेग जास्त असेल तर कार्बन कमी तापमानाला पेटेल, आणि पुढे ताऱ्यात काय किती शिजते याचा हिशेबच बदलेल. दीड दशलक्षाच्या आसपासचे थेट मोजमाप अद्याप झालेले नाही.